विसावं नाव

मी एका वाडीवरच्या शाळेची जुनी वही आहे. माझं सरकारी नाव जनरल रजिस्टर, पण एवढं लांबलचक नाव वाडीत कुणाच्या तोंडी बसलं नाही. बायका मला ‘मोठी वही’ म्हणायच्या आणि खरं सांगू, मलाही तेच आवडायचं. मित्रांनो, तुम्ही ज्या शाळेत जाता तिथं माझ्यासारखीच एक वही असते आणि तिच्यात तुमच्या नावाची एक ओळ असते. नाव, जन्मगाव, जन्मतारीख, शाळेत आल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि अगदी शेवटी ‘शेरा’ नावाचा एक अरुंद रकाना. तुम्ही मला कधी बघत नाही. दाखला काढायची वेळ आली की मगच माझी आठवण होते. असो! तक्रार करायला मी बसलेली नाही. मला एका घराची गोष्ट सांगायची आहे. ती माझ्याच पानांवर घडली आणि तिच्यात थोडी चूक माझीही आहे.

माझा जन्म नाशिकचा. पंचवटीतल्या एका छापखान्यात माझ्या पानांवर रेघा मारल्या. बाइंडरने खळ लावून मला लाल कापडाची पाठ शिवली, पुठ्ठ्यावर थाप मारली आणि म्हणाला, “हिला शंभर वर्षं मरण नाही.” मग एसटीने घोटीपर्यंत, आणि तिथून एका मास्तरांच्या डोक्यावरच्या ट्रंकेत बसून मी डोंगराच्या कडेची ही वाडी गाठली. साल होतं १९५५.

वाडीत शाळा नव्हती. शाळा मंजूर व्हायची तर पटावर वीस मुलं हवीत, असं मास्तरांना वरून सांगितलेलं. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर मला उघडून ठेवून ते दोन दिवस घरोघर फिरले. पोरं गुरांमागे गेलेली, पोरी धाकट्यांना कडेवर घेऊन बसलेल्या. कसंबसं करून एकोणीस नावं झाली. विसावं काही मिळेना. मास्तर डोकं धरून बसले होते, तेवढ्यात पुंजा लहांगे नावाचा शेतकरी शेतावरून येत होता. खांद्यावर त्याचा मुलगा होता.

“मास्तर, किती कमी पडत्यात?”

“एक.”

पुंजाने खांद्यावरचं पोर उचललं आणि माझ्या शेजारी आणून बसवलं. “हे घ्या वीस.”

“अहो, याचं वय किती?”

“ज्या आवणीत आमचा थोरला बैल वाघानं नेला ना, त्या आवणीतला हाय ह्यो.”

आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरात लावायची वेळ, भर पावसातली. मास्तर देशावरचे. त्यांना आवणी ठाऊक नव्हती, बैल तर नव्हताच नव्हता. पहिलीत घालायला सहा वर्षं पूर्ण हवीत एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी टाक बुडवला आणि लिहिलं, निवृत्ती पुंजा लहांगे, जन्म १ जून १९४९. खरं तर पोराला चार वर्षंही पुरी नव्हती. ते माझ्यावर ओणवं झालं आणि पानाच्या कोपऱ्यावर त्याने लाळ गाळली. शाई थोडी फुटली. तो डाग अजून माझ्या अंगावर आहे.

मित्रांनो, घरी जाऊन आजोबांना त्यांची जन्मतारीख विचारा. दहातल्या सहा आजोबांची १ जून निघेल. सगळे काही एका दिवशी जन्मले नव्हते. ज्यांची तारीख कुणाला ठाऊक नाही त्यांना मास्तर १ जून देऊन टाकायचे. माझी पहिली पंचवीस-तीस पानं उघडा, सगळीकडं १ जून, १ जून! मला त्याचं काही वाटायचं नाही. अक्षर चांगलं असलं आणि खाडाखोड नसली की मी खूश. माझा सगळा तोरा तेवढ्यावरच होता.

ते लाळ गाळणारं पोर शिकलं. चौथीपर्यंत माझ्या शाळेत, पुढं घोटीला, मग नाशिकला मास्तरकीचं शिक्षण घेतलं. दोन-तीन गावांत नोकरी करून, चाळिशीच्या आत तो शिक्षक होऊन माझ्याच शाळेत परत आला. निवृत्ती गुरुजी! एकच शिक्षक, चार वर्ग, आणि किल्ली, घंटा, मी, सगळं त्यांच्याकडं.

गुरुजी शेतकरीही होते. पुंजाबाबा म्हातारे झालेले, खाचरं ओस टाकणं गुरुजींच्या जिवाला मानवणारं नव्हतं. पावसाळ्यात ते पहाटे चिखलात उतरायचे, साडेनऊला विहिरीवर हातपाय धुवायचे आणि पांढरी टोपी घालून दहाच्या ठोक्याला शाळेत हजर. नखांतला चिखल मात्र जायचा नाही. तेच बोट माझ्या रेघेवर ठेवून ते लिहायचे. अक्षर असं, की पाहत राहावं!

या शेतकरीपणातून त्यांची एक पद्धत तयार झाली. तशी मी दुसऱ्या कुठल्याच वहीच्या तोंडून ऐकलेली नाही. ते १ जून लिहायचे नाहीत. आई मुलाला घेऊन आली की ते तिच्याकडून शेतातलं सगळं काढून घ्यायचे. विठाबाई आपल्या मुलाला घेऊन आली तो दिवस मला चांगला आठवतो.

“पोर आवणीतलं हाय गुरुजी.”

“आवणी चालू होती की उरकली होती?”

“वरच्या खाचरात झाल्ती. खालच्यात पाणी लय व्हतं.”

“रोपं घरची होती का?”

“नाय, कमी पडली. तुमच्याच राबातून आणली न्हवं का?”

“हां! म्हणजे आमची उरकून चार दिवस झाले होते.”

विठाबाई वैतागली. “गुरुजी, मला पोर शाळंत घालायचंय का खाचर इकायचंय?”

गुरुजी हसले आणि मनाशी हिशेब जुळवून लिहिलं, २१ जुलै. मग तिला म्हणाले, “बाई, पोराला आयुष्यात स्वतःचं म्हणून पहिलं काय मिळतं? त्याचा दिवस. तो आपण कशाला घालवायचा?” भाजावळ, पेरणी, आवणी, सोंगणी म्हणजे भाताची कापणी आणि मग झोडणी, या शेतातल्या कामांवरून त्यांनी अशा कितीतरी पोरांना त्यांचे दिवस परत दिले. स्वतःच्या १ जूनवर मात्र ते हसायचे. “मी कागदावर दोन वर्षं म्हातारा आहे,” म्हणायचे.

शाळेची कौलं गळायची. म्हणून जून संपता संपता गुरुजी मला खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून घरी न्यायचे आणि लंकाबाई, म्हणजे त्यांची बायको, मला माळ्यावर भाताच्या कणगीवर ठेवायची. गणपतीनंतर मी परत शाळेत. अजून माझ्या पानांना जुन्या भाताचा वास येतो. त्या माळ्यावरून मी ते घर ऐकलं. पुंजाबाबांचा खोकला, थोरल्या लेकीचे, हर्षालीचे पाढे, चुलीवरच्या भाकरीचा थपथप आवाज. आणि ११ ऑगस्ट १९८६ च्या दुपारी, आवणी उरकली त्याच दिवशी, खालच्या खोलीतून एका बाळाचं पहिलं रडणंही ऐकलं. गुरुजी चिखलाच्या पायांनी धावत आले होते. हा योगेश. त्याचा जन्म मी माझ्या कानांनी ऐकलेला आहे, हे लक्षात ठेवा.

पुढं खालच्या आळीजवळ धरण झालं. आळी पाण्यात गेली, तिथली माणसं दूरच्या गावी हलली आणि जाताना आपली मुलं घेऊन गेली. १९९१ च्या जूनमध्ये गुरुजींनी पट मोजला. एकोणीस. परत मोजला. एकोणीसच. साहेब तपासणीला येणार होते. वीस भरले नाहीत तर शाळा बंद करून मुलं ओहोळापलीकडच्या गावात जोडणार, असं कळलं होतं. ओहोळाला पावसाळ्यात उतार नाही. मुलगे कदाचित गेले असते, मुली घरीच बसल्या असत्या. गुरुजी मला मांडीवर घेऊन ओसरीवर बसले होते. अंगणात योगेश चिखलाचे बैल करत होता.

लंकाबाईच्या ते लगेच ध्यानात आलं. “नाय हां,” ती म्हणाली. “पोर अजून पाच वरसाचं नाय झालं. झोपंत अंगठा चोखतंय.”

“वर्षभराचा तर प्रश्न आहे. नुसतं बसेल वर्गात.”

“आन् लिवनार काय?”

पुंजाबाबा खाटेवरून म्हणाले, “मी बी तुला असाच दिल्ता निवृत्ती. शाळा उभी ऱ्हायली ना? काय बिघाडलं तुझं?”

गुरुजींनी पेन उघडलं. ज्या हाताने सगळ्या वाडीच्या पोरांचे खरे दिवस शोधून काढले, त्याच हाताने लिहिलं, योगेश निवृत्ती लहांगे, जन्म १ जून १९८५. त्यांच्या अक्षरातला तो एकुलता एक १ जून. मला ठाऊक होतं ते खोटं आहे. पण अक्षर नेहमीसारखंच सुरेख होतं, एक टिंब इकडचं तिकडं नव्हतं, आणि मी मूर्ख, त्यावर समाधान मानलं. हीच ती माझी चूक.

शाळा वाचली. साहेबांनी वीस मोजले आणि सही करून गेले. त्या शाळेत पुढं वाडीतल्या सिंधुबाईच्या दोन मुली शिकल्या, त्यातली एक परिचारिका झाली. विठाबाईचा मुलगा घोटीला दुकानात लागला. कितीतरी जणांची नावं सांगता येतील. गुरुजींनी केलं ते वाईटासाठी केलं असं मी म्हणणार नाही. वाईटासाठी केलं असतं तर माझा जीव आज एवढा जळला नसता.

योगेश वर्गात कायम सगळ्यांत लहान. रांगेत पहिला, कबड्डीत शेवटी उरलेला. सातवीत गेला तरी त्याला लोक पाचवीतला समजायचे. पण जिद्दी पोरगा! नाशिकला जाताना एसटीतून त्याला देवळालीजवळ पळणारे जवान दिसले आणि त्या दिवसापासून त्याला फक्त फौज दिसू लागली. पहाटे धरणाच्या भिंतीवर पळायचा. घरी आला की माळ्याच्या तुळईला लोंबकळायचा, आणि पावसाळ्यात त्या धक्क्यांनी मी कणगीवर हलायचे. मला गंमत वाटायची. हर्षालीचं लग्न होऊन ती घोटीला गेली तेव्हा तिला म्हणाला, “ताई, पुढच्या वेळी वर्दीत येईन तुझ्या दारात.”

पहिल्या भरतीत छाती दीड सेंटिमीटर कमी भरली. दुसऱ्या वर्षी पळण्यात काही सेकंद मागं पडला. कागदावरच्या वयाला त्याचं अंग पोचत नव्हतं, दुसरं काही नाही. तिसऱ्या वर्षी मात्र अंग भरलं. खांदे रुंद झाले, वाडीतली पोरं त्याच्या मागं पळून दमायची. लंकाबाई त्याला रोज दोन अंडी खाऊ घालायची आणि सगळ्यांना सांगायची, “औंदा माझा योगेश घेत्यातच!”

ते २००६ साल. जुलैचा महिना, मी माळ्यावर. घोटीहून तो वर्तमानपत्र घेऊन आला, भिजलेला. भरतीची जाहिरात होती. एकवीस वर्षांच्या आतले हवेत. तो खाली बसला आणि बोटं मोडून मोजू लागला. कागदावर तो जूनमध्येच एकवीस पुरा झाला होता. दोन महिनेही नाहीत, तेवढ्यानेच गेलं. खरं तर तो अजून वीसचाही नव्हता.

तो माळ्यावर चढला. मला खाली घेतलं, गोणी सोडली आणि आपली ओळ उघडून गुरुजींच्या पुढं ठेवली.

“आण्णा, पाचाचा सहा करा.”

पुंजाबाबा तेव्हा हयात नव्हते. पाऊस पत्र्यावर वाजत होता.

“फक्त एक आकडा. १९८६ करा. वही तुमच्याच ताब्यात आहे. मी उद्या त्यावरून दाखला घेतो, बोर्डात अर्ज करतो, हातापाया पडतो. बाकी मी बघतो.”

गुरुजींनी चष्मा लावला. पेन उघडलं. पाचाच्या आकड्यावर निब आलं आणि तिथंच थांबलं.

“ही खाडाखोड होईल योगेश. तीस वर्षं पोरांना सांगत आलो, सरकारी वहीत खाडाखोड करायची नसते.”

“खरं लिहिणं म्हणजे खाडाखोड?”

“रीत आहे तिची. अर्ज करावा लागेल. मी त्या वेळी खोटं लिहिलं असं लिहून द्यावं लागेल मला.”

“मग द्या लिहून!”

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. त्यांना नोकरीतून निवृत्त व्हायला दहा महिने उरले होते. लिहून दिलं असतं तर चौकशी लागली असती. त्या वर्षीचा पट खोटा ठरला असता. गावात ज्या माणसाच्या शब्दावर शेताचे बांध ठरायचे, त्याला लोक खोटारडा म्हणाले असते. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लंकाबाई चुलीपुढून उठली. एवढ्या वर्षांत तिने मला कधी रागाने हात लावला नव्हता. तिने माझ्यावर सपकन हात मारला.

“तवा खोटं लिवताना हात थांबला नाय तुमचा. आन् आता खरं लिवायला थांबतोय व्हय?”

गुरुजींनी अर्ज लिहायला घेतला. खरंच घेतला. ‘मा. साहेब, मी खाली सही करणार’ एवढं लिहिलं आणि उरलेला कागद कोरा ठेवून मला मिटलं. रोज संध्याकाळी ते मला उघडायचे, तो कागद बघायचे आणि परत मिटायचे. अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी भरती होती. योगेश तरीही पहाटे निघून गेला. वाटलं असेल, कुणीतरी ऐकून घेईल. फाटकापाशीच कागद बघून त्याला बाजूला काढलं. त्याला पळूसुद्धा मिळालं नाही.

घरी आल्यावर तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. पिशवी भरली, आईच्या पाया पडला, ओसरीवर बसलेल्या बापाशेजारून उंबरा ओलांडला आणि गेला. गुरुजींनी त्या रात्री तो अर्धा अर्ज चुलीत टाकला. नाशिकला एका कारखान्याच्या दारावर पहारेकऱ्याची नोकरी त्याला लागली. वर्दी मिळाली, निळी. लंकाबाई ते सांगताना रडायची. गुरुजी त्याची चौकशी करायचे, पण फोन त्याने आईलाच करायचा असा नेम ठरून गेला.

३१ मे २००७ ला गुरुजी निवृत्त झाले. कागदावर अठ्ठावन्न पुरी, खरं तर छप्पनही नाहीत. शाळेत छोटा समारंभ झाला. विठाबाईने नारळ दिला, सिंधुबाईची परिचारिका झालेली लेक मुद्दाम आली होती. सगळे बोलले. एका शब्दात सांगायचं तर देवमाणूस, असं कुणीतरी म्हणालं. गुरुजी सारखे रस्त्याकडं बघत होते. शेवटची एसटी गेली तरी योगेश आला नाही.

सगळे गेल्यावर त्यांनी मला टेबलावर घेतलं. खिशातून लाल पेन काढलं. माझ्या पानांवर लाल शाई तोपर्यंत कधी पडली नव्हती. त्यांनी योगेशची ओळ काढली आणि शेऱ्याच्या अरुंद रकान्यात, बारीक अक्षरात लिहिलं:

‘जन्मतारीख चुकीची आहे. खरी ११ ऑगस्ट १९८६. पट वीस व्हावा म्हणून मी जाणूनबुजून चुकीची लिहिली. यात मुलाचा काही दोष नाही. नि. पुं. लहांगे. ३१ मे २००७.’

जागा पुरली नाही. शेवटचे शब्द खाली दुसऱ्याच्या ओळीत उतरले, वाकडे झाले. ते माझ्या अंगावरचं सगळ्यांत वाईट अक्षर आहे. मित्रांनो, मला ते सगळ्यांत जास्त आवडतं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. काय उपयोग होता? भरती होऊन वर्ष होत आलं होतं. किल्ल्या नव्या शिक्षकांकडं, ललित सरांकडं दिल्या आणि ते खाचरांकडं गेले. पण जीव कशात राहिला नव्हता. २००९ च्या थंडीत ताप निमित्त झाला आणि आठ दिवसांत गेले. मी शाळेच्या कपाटात होते. त्या दिवशी शाळा लवकर सोडली, मुलं कुजबुजत गेली, एवढंच मला कळलं. योगेश दहा दिवस येऊन राहिला आणि विधी करून परत गेला, असं नंतर ऐकलं. बाप बोलता असताना त्याची गाठ पडली नव्हती.

त्याच वर्षी जूनमध्ये तो शाळेत आला. कारखान्यात दाखला मागितला होता आणि त्याचा जुना दाखला पावसात भिजून खराब झालेला, म्हणून दुसरी प्रत हवी होती. खांद्यावर हर्षालीची मुलगी होती, रोशनी. गुरुजी गेल्यापासून हर्षाली आईच्या सोबतीला आणि शेताला म्हणून वाडीतच राहायला आली होती.

ललित सरांनी मला उघडलं, पानं उलटली आणि थांबले. “अरे, इथं काहीतरी शेरा आहे.”

योगेशने वाचलं. एकदा वाचलं, मग बोट ठेवून परत वाचलं. मला वाटलं तो माझं पान फाडेल. त्याने विचारलं, “हे कधी लिहिलंय?”

“तारीख आहे खाली. ३१ मे २००७. निरोपाचा दिवस.”

“मी आलो नव्हतो त्या दिवशी,” योगेश म्हणाला.

मग त्याने हळूच विचारलं, “आण्णांचं नाव कुठंय?” सरांनी पहिलं पान काढून दिलं. विसावी ओळ. १ जून १९४९. त्या ओळीशेजारच्या जुन्या डागावर त्याने अंगठा फिरवला. “हे काय सांडलंय?” त्याने विचारलं. सरांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मला बोलता येत नाही. मला सांगायचं होतं, अरे, तो तुझा बाप आहे, चार वर्षांचाही नसलेला. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

सरांनी दाखला लिहून दिला. मग जरा अवघडून म्हणाले, “योगेशभाऊ, ही तुमची भाची ना? केवढी आहे?”

“का?”

“पट एकोणीसवर आलाय. या वेळी साहेब ऐकणार नाहीत. एक नाव हवंय. गुरुजींचीच शाळा आहे, त्यांच्याच घरचं पोर… सहा लिहिलं तर कोण बघतंय?”

रोशनी खांद्यावरून खाली उतरून माझ्या जवळ आली होती. शेवटच्या पानावरची एक ओळ कोरी होती, पेन उघडं होतं. मला तो पहिला दिवस आठवला. देवळाचा ओटा, पुंजाबाबा, ‘हे घ्या वीस’. खरं सांगते, मला शाळा हवी होती. मी त्या शाळेवाचून कोण? आणि ती शाळा राहावी म्हणून त्या घराने दोन पोरं दिली होती.

योगेशने तिला उचलून परत खांद्यावर घेतलं.

“सर, हिला अजून पाच पुरी व्हायचीत,” तो म्हणाला. “सोंगणीत झाली ही, १० नोव्हेंबरला. मी दवाखान्यात होतो. शाळा बंद पडली तर मी हिला ओहोळापलीकडं खांद्यावरून नेईन, नाहीतर घोटीला नेईन. पण हिचा दिवस कुणी घ्यायचा नाही. आण्णांचासुद्धा मी घेऊ दिला नसता, मी तेव्हा असतो तर.”

तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला. माझ्यावर, त्या लाल अक्षरांवर, त्याने डोकं टेकवलं. “आण्णा, मी यायला हवं होतं हो त्या दिवशी,” म्हणाला आणि रडला. लाल शाई थोडी फुटली. विसाव्या ओळीजवळ बापाची लाळ आहे, लेकाच्या ओळीजवळ त्याच्या डोळ्यांतलं पाणी. माझ्यात खाडाखोड नाही असं मी आता म्हणत नाही.

पट एकोणीसच राहिला. दिवाळीनंतर शाळा बंद झाली. मला आणि खडूच्या दोन पेट्यांना टेम्पोत घालून मोठ्या गावच्या शाळेत आणलं. इथं सगळं संगणकात जातं. मी एका ट्रंकेत आहे, अंगाला वाळवी लागू लागली आहे. वर्षभरात कुणी झाकण उघडत नाही. बाइंडर शंभर म्हणाला होता, तेवढी मी टिकेन असं वाटत नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. मी नुसता कागद आहे. पण उद्या तुमच्यातलं कुणी शिक्षक होईल, कुणी साहेब, कुणी संगणकापुढं बसेल. एखाद्या लेकराचा दिवस लिहायची पाळी तुमच्यावर येईल. त्या वेळी सुबक लिहू नका एक वेळ, वाकडं लिहा, चुकलं तर खोडा, पण त्या लेकराकडं बघून लिहा. आणि चूक झालीच तर अकरा दिवस थांबू नका.

माझ्या शेवटच्या पानावर एकोणीस ओळी भरलेल्या आहेत आणि विसावी कोरी आहे. ती रोशनीची असती. तिथं कुणी काही लिहिलं नाही, पुढं कुणी लिहिणारही नाही. तरी वाळवी त्या पानापर्यंत पोचेपर्यंत मी रोज म्हणून ठेवते, सोंगणीतली, दहा नोव्हेंबर.